‘एम-वन’ची फाइल पूर्ण, गणितं बाकी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केटी लागली असं कुणी सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, ‘एम-वन का?’ गणिताच्या या पहिल्या पेपरची धास्ती मुलांनी गृहीत धरली आणि हळूहळू कॉलेजांनीही. मला ते पटत नाही. बारावीला गणित घेऊन, सीईटी देऊन आलेली मुलं पहिल्याच सत्रात गणितात अडकत असतील, तर मुलांच्या डोक्याआधी आपले नियम तपासायला हवेत.

ही मुलं कुठून येतात ते पाहा. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. चार पर्यायांतला एक निवडायचा, चुकला तरी गुण कापले जात नाहीत. बारावी बोर्डाचा पेपर लेखी असतो हे खरं, पण प्रवेश सीईटीवर ठरतो, म्हणून घरादाराचं लक्ष तिकडेच. पर्याय घालून बघणं, सूत्र झटकन आठवणं हे मुलांना छान जमू लागतं. पानभर पायऱ्या मांडणं मागे पडतं. मग एम-वनमध्ये समघाती फलनांवरचं ऑयलरचं प्रमेय सिद्ध करायला येतं, डी मॉयव्हरच्या प्रमेयाने संमिश्र संख्येची मुळं काढायची असतात, आणि खाली पर्याय नसतात. शिवाय प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांमधून आलेली मुलं वर्गात बसतात तेव्हा पहिलं प्रकरण उरकत आलेलं असतं.

गंमत नव्हे, तर काळजीची गोष्ट अशी की उत्तरपत्रिकेत चूक बहुधा नव्या विषयात नसते. आंशिक विकलन मुलाला कळलेलं असतं. तो अडतो कारण बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज असं त्याने मध्येच धरलेलं असतं. अपूर्णांक, घातांक, लॉग, त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं, इथले कच्चे दुवे पहिल्या पंधरवड्यात तासाभराच्या बिनगुणांच्या चाचणीत सापडू शकतात. ती चाचणी प्रत्येक कॉलेजने घ्यावी आणि पेपर तपासून मुलांच्या हातात द्यावा.

त्याऐवजी आपण काय मोजतो? ७५ टक्के हजेरी आणि ट्युटोरियलची फाइल. हजेरी भरली नाही की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, फाइल भरली नाही की टर्मवर्कचे गुण गेले. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलाची जुनी फाइल सगळीकडे फिरते आणि रात्री जागून ती उतरवली जाते. शिक्षक शेकडो फाइलींवर सह्या करतात. त्या कागदांवर एकही गणित मुलाने स्वतः सोडवलेलं नसलं तरी नियम पूर्ण पाळलेला असतो. ट्युटोरियलचा तास हा खरं तर या विषयाचा प्राण. वीस-बावीस मुलं, समोर कोरा कागद, तासाभरात तीन गणितं, कागद तिथेच जमा, पुढच्या आठवड्यात तपासून परत. टर्मवर्कचे गुण या कागदांवर द्यावेत, आणि बरोबर उत्तरापेक्षा पुढच्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या चुकीला जास्त.

आता मुलांशी बोलतो. अमेरिकेत डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर! सलग सराव करताना रीत कोणती हे आधीच माहीत असतं, फक्त हात चालवायचा असतो. रीत ओळखणं ही वेगळी मेहनत आहे आणि ती प्रकरणवार नोट्समधून होत नाही. म्हणून रविवारी मागच्या तीन-चार प्रकरणांतलं एकेक गणित चिठ्ठ्या टाकून निवडा. यूट्यूबवर सर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं. व्हिडिओ बंद करून तेच गणित कोऱ्या पानावर करून पाहा. आयएमपी प्रश्नांची यादी शेवटच्या रात्री कामाची वाटेल, पण ती पाठ करून रीत ओळखता येत नाही.

आणि एकटे बसू नका. बर्कलीत १९७० च्या दशकात युरी ट्रायझमन यांनी कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गात नापास होणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडे बारकाईने पाहिलं. प्राध्यापकांचे अंदाज होते: कष्ट कमी, घरचं वातावरण, शाळेतली कच्ची तयारी. प्रत्यक्षात ही मुलं मेहनती होती, पण अभ्यास एकटीच करत होती. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्रायझमन यांनी ‘कच्च्यांचा वर्ग’ काढला नाही. उलट अधिक अवघड गणितं देऊन ती गटात सोडवायला लावली, आणि निकाल बदलला. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून येऊन शहरातल्या हॉस्टेलच्या खोलीत दार लावून एम-वन करणारा मुलगा मला इथे दिसतो. त्याला रेमेडियलच्या यादीत टाकण्याआधी चौघांच्या टेबलाशी बसवा.

केटी लागलेल्या मुलांचं काय होतं? विद्यापीठ त्यांची परीक्षा पुन्हा घेतं, कॉलेज त्यांचा तास पुन्हा घेत नाही. पुढच्या सत्राचे सगळे विषय सांभाळून ती त्याच जुन्या वहीवर परत बसतात, फॉर्म भरतात, फी भरतात. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या हातात असतील, पण शनिवारी दुपारी एक रिकामी वर्गखोली, एक शिक्षक आणि केटीच्या मुलांसाठी दोन तास एवढी सोय कोणताही विभागप्रमुख या सत्रापासून करू शकतो.