निबंधाचे आठ गुण

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकास ८ गुण असतात; ८० पैकी ८. प्रवेशाच्या बाजारात या आठांची किंमत किती? जवळजवळ शून्य. अकरावीचे प्रवेश सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या टक्केवारीवर होतात. मराठीत सर्वांत कमी गुण पडले, तर मराठीच गळते. पुढे धाराशिव, कळंब, उमरग्याची कितीतरी मुले लातूरची वाट धरतात. तेथे ध्यास ‘नीट’चा: १८० प्रश्न, ७२० गुण आणि सारे पर्याय निवडण्याचे. बारावीला भाषेचा पेपर असतो खरा. परंतु तो उत्तीर्ण होण्यापुरता. वैद्यकीयची गुणवत्ता यादी त्याच्याकडे पाहतही नाही.

यावर अनेकांना एकच उपाय सुचतो: निबंधाचे गुण प्रवेशासाठी धरा, म्हणजे मुले आपोआप लिहू लागतील. हा उपाय आम्हांस मान्य नाही.

अमेरिकेने तो करून पाहिला आहे. तेथील ‘सॅट’ परीक्षेत २००५ साली निबंध सक्तीचा झाला. त्याच वर्षी एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी नमुना-निबंध तपासून दाखवले, की गुण बव्हंशी लांबीप्रमाणे पडतात आणि तपशिलाच्या ढोबळ चुकांनीही ते घटत नाहीत. २०१६ मध्ये निबंध ऐच्छिक झाला; २०२१ मध्ये तो सर्वसाधारण परीक्षेतून काढूनच टाकण्यात आला.

आपल्याकडे तर प्रवेशाचे आमिष नसतानाही साचे तयार आहेत. भूमच्या ज्या मुलाच्या घरी खव्याची भट्टी आहे, वाशीच्या ज्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला जातात, ती दोघेही ‘शेतकऱ्याचे मनोगत’ गाइडातून उतरवतात. त्या मनोगतातला शेतकरी कोणत्याच जिल्ह्यातला नसतो. प्रवेश पणाला लागला, तर निबंधाचेही क्लास निघतील आणि फी भरणाऱ्याचा साचा अधिक सुबक ठरेल. घरी ‘काय करायलास?’ असे बोलणाऱ्या मुलाची वाक्ये प्रमाण मराठीच्या फूटपट्टीने मोजली जातील, ते वेगळेच.

मग निबंध वाऱ्यावर सोडावा काय? मुळीच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाला २५० गुण आहेत आणि तो मराठीतूनही लिहिता येतो. पंधराव्या वर्षी ज्याला कोणी विचारत नाही, तेच पुढे अधिकारपद मिळवून देण्यात वाटेकरी होते. मधल्या वर्षांत स्वतःचे एक वाक्य न लिहिलेल्याने ते कोठून आणावे? आणि परीक्षा नसली, तरी पीकविम्याची तक्रार किंवा ग्रामसभेचा अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहिता न येणाऱ्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

म्हणून निबंध प्रवेशाच्या तराजूत नको, शाळेच्या तासाला हवा. गाइडात ज्याचे उत्तर नाही, असा विषय द्यावा: गल्लीत टँकर येतो तेव्हा, तुळजापूरच्या यात्रेतला एक दिवस. शिक्षकाने दोन ओळींचा शेरा लिहून वही परत द्यावी. मुलाने तोच निबंध पुन्हा लिहावा. बोर्डाकडून आकडा परत येतो, निबंध येत नाही. साठ वह्या तपासणे हे ओझे आहे, हे आम्ही जाणतो. तर महिन्याला एकच निबंध घ्यावा. जानेवारी २०२० मध्ये याच शहरात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याला एवढे जड जाऊ नये.