एक्सप्लेनर : झोंबीवर औषधाची बाटली फेकली तर? ‘हो’ म्हणायला हरकत नाही!
ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, रविवारी चार मित्र फासे घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसले की हा वाद कधीही पेटू शकतो : जखम भरणारं औषध झोंबीवर फेकलं, तर त्याला इजा होते का?

वादाचं मूळ जुन्या नियमांत आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जखम भरणारा मंत्र झोंबीसारख्या शत्रूला उलट घायाळ करायचा. ‘माइनक्राफ्ट’मध्येही औषधाची बाटली फेकून झोंबी मारता येतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत मात्र या मंत्राचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही.

मग नवख्या खेळाडूला ‘नियमात नाही’ म्हणून गप्प करायचं? आधी आकडे बघा. याच आवृत्तीत औषधाच्या बाटलीला ५० सोन्याची नाणी पडतात आणि सरासरी ७ गुण भरून निघतात. पवित्र जल २५ नाण्यांत मिळतं आणि झोंबीला सरासरी ७ गुणांचीच इजा करतं. म्हणजे औषध फेकणारा दुप्पट पैसे मोजतो, शिवाय स्वतःचा उपचारही गमावतो. यात फुकटचा फायदा कुठे आहे?

खेळ चालवणाऱ्याने परवानगी द्यावी. फक्त ती पहिल्या लढाईआधीच ठरवावी, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय होणार नाही.