आठवणींचा बाजार नव्हे



‘जुन्या रूपाच्या मोटारसायकली म्हणजे आठवणींचा बाजार’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी वाटते. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर जन्मलेली मुले आज याच धाटणीच्या गाड्या हौसेने घेतात. त्यांना कसल्या आल्या आठवणी?

खरी गंमत गाडी चालवण्यात आहे. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० चा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच मिळतो. त्यामुळे गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. ताठ बसता येत असल्याने पाठही वाचते. ‘जुनाट तंत्र’ हा आक्षेपही टिकत नाही. बजाजच्या चाकण प्रकल्पात तयार होणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० चे रूप जुन्या वळणाचे, पण आत लिक्विड-कूल्ड इंजिन, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे.

तक्रार करायचीच तर वजनाची करावी. क्लासिक तब्बल १९५ किलोची. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमधून ती मागे घेताना धडधाकट माणसालाही घाम फुटतो. घेणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. पण गोल दिवा आवडतो म्हणून त्याला भाबडा ठरवू नये.

– एक वाचक, पुणे