संस्कार या शब्दाचा दुसरा अर्थ

मराठी समीक्षेत ‘संस्कार’ हा शब्द बालकुमार साहित्याच्या संदर्भात इतक्या सहजतेने वापरला जातो की त्याची तपासणी करण्याची गरज कुणाला भासत नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकाने मनाला वळण लावले पाहिजे, ही अपेक्षा जवळजवळ निकषासारखी रूढ झाली. भारतीय दर्शनांत मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. अनुभव संपल्यावर त्याचा जो ठसा मनात मागे राहतो आणि ज्यातून पुढे स्मृती जन्म घेते, तो संस्कार. नैयायिकांनी स्मृतीची व्याख्याच या ठशाच्या आधारे केली आहे. पहिल्या अर्थाने पाहणारी समीक्षा पुस्तकाने वाचकाला काय शिकवले हे विचारते. दुसऱ्या अर्थाने पाहणारी समीक्षा पुस्तकाने वाचकात काय मागे ठेवले हे विचारील. मराठी विज्ञानकादंबरीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला. जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीचे जे झाले, ते या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण आहे.

कादंबरीचा गाभा थोडक्यात असा. जमिनीच्या पोटात एका लुप्त, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेला ठेवा सापडतो. त्यातील ज्ञानाच्या आधारे आजचे वैज्ञानिक ‘गुरू’ नावाचा यंत्रमानव घडवतात. हा गुरू माणसाच्या उपयोगी पडतो, आणि स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवण्याची शक्यता त्याच्या रूपाने उभी राहते. एवढे ज्ञान असलेली ती संस्कृती नष्ट का झाली, हा प्रश्न कथेच्या तळाशी सतत धुमसत असतो. पुस्तकावर ‘किशोरांसाठी’ असा शिक्का आहे की नाही, हा मुद्दा येथे गौण आहे. ते ज्या वयात हाती पडते ते वय साधारणतः शाळेच्या शेवटच्या आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांचे असते, आणि त्या वयातील वाचकाला ही कादंबरी अस्वस्थ करते. ही अस्वस्थता पुस्तक मिटल्यावर संपत नाही. समीक्षेने ज्याचा विचार करावयास हवा होता ते नेमके हेच होते.

प्रत्यक्षात समीक्षेने दोन कप्पे तयार ठेवले होते. पहिला कप्पा विज्ञानप्रसाराचा. त्यात कादंबरीतील विज्ञान अचूक आहे काय, ते सुबोध झाले आहे काय आणि त्यामुळे वैज्ञानिक दृष्टिकोन वाढीस लागतो काय, हे तपासले जाते. दुसरा कप्पा रंजनाचा. त्यात कथानक उत्कंठावर्धक आहे, भाषा सोपी आहे, कुमारांना आवडेल असे आहे, एवढे म्हणून विषय संपवला जातो. दोन्ही कप्प्यांत साहित्यकृती हे साधन ठरते. एकात ज्ञानाचे, दुसऱ्यात करमणुकीचे. भीती ही या साहित्यकृतीची आशयगत घटना आहे आणि तिला स्वतंत्र अर्थ आहे, ही शक्यता दोन्हींत बसत नाही. विज्ञानकथेवरील प्रबंधांचा ठरीव साचा याच कप्प्यांवर उभा असतो: स्वरूप, प्रेरणा, वाटचाल, विशेष, मर्यादा. या पाच प्रकरणांत वाचकाला जागा नाही.

या परिस्थितीला लेखकाची भूमिकाही काही अंशी कारण झाली, हे मान्य केले पाहिजे. नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली, आणि विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा आपल्या कथालेखनामागील हेतू त्यांनी कधी लपवला नाही. नाशिक येथे २०२१ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. या सर्व काळात ‘विज्ञानप्रसारक’ हे बिरुद त्यांच्या कथाकादंबऱ्यांच्याही माथी कायम राहिले. परंतु लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हा सिद्धान्त जी समीक्षा कविता व सामाजिक कादंबरी यांच्या बाबतीत सहज मान्य करते, ती विज्ञानकादंबरीपाशी आल्यावर लेखकाच्या प्रस्तावनेलाच निकालपत्र मानते. हा दुजाभाव समर्थनीय नाही.

आता संहितेकडे वळावे. वाचकात उरणारी भीती ही यंत्रमानवाच्या सामर्थ्याची असती, तर ती कोणत्याही साहसकथेतील राक्षसाच्या भीतीप्रमाणे त्याच्या पराभवाबरोबर विरून गेली असती. येथे तसे होत नाही, कारण भीतीचे अधिष्ठान ज्ञानाच्या क्रमात आहे. ज्ञान आधी हाती येते. त्या ज्ञानाने त्याच्या पहिल्या धन्यांचे काय केले, हे मागाहून उलगडते. कृती अगोदर आणि इशारा नंतर, अशी ही रचना आहे. ज्याला शाळेत ज्ञान म्हणजे प्रकाश एवढेच शिकवले गेले, त्या वाचकाच्या पायाखालची जमीन या रचनेमुळे सरकते. यंत्राला दिलेले ‘गुरू’ हे नावही निरागस नाही. ज्ञान देणारा तो गुरू, या समीकरणातच धोक्याची जागा दाखवली गेली आहे.

शीर्षकाचा विचारही कुणी पुरेसा केलेला नाही. कादंबरीचा इंग्रजी अवतार ‘द रिटर्न ऑफ वामन’ या नावाने प्रसिद्ध झाला. तेथे वामनाचे परतणे आहे, मराठीत त्याचे न परतणे आहे. ‘परत न आला’ या तीन शब्दांत सुटकेचा निःश्वास आहे. पण वामन एकदा येऊन गेला होता याची कबुलीही त्यांतच आहे. जो एकदा येऊन गेला तो पुन्हा येणारच नाही, याची हमी हे नकारार्थी वाक्य देत नाही. भीतीचा शेष शीर्षकातच साठवलेला आहे.

शिवाय वामन हे नाव मराठी वाचकाच्या दृष्टीने तटस्थ नाही. पुराणात तो विष्णूचा अवतार. तीन पावलांची जमीन मागतो आणि सर्वस्व घेतो. महाराष्ट्राच्या कृषिसंस्कृतीत मात्र बलिप्रतिपदेला घराघरांतून राज्य मागितले जाते ते बळीचे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये या कथेची उलट मांडणी करून वामनाला आक्रमक ठरवले. म्हणून नांदेड-लातूर भागातील शेतकरी घरातला मुलगा ही कादंबरी उघडतो तेव्हा तो कोणत्या बाजूने वाचतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याच्या लेखी माणूस बळीच्या जागी आहे: उदार, समर्थ, आणि आपण काय देऊन बसलो हे न कळणारा. लहान होऊन आलेला याचक पुढे किती मोठा होतो, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. विज्ञानप्रसाराच्या फूटपट्टीने हा अर्थ मोजता येत नाही, कारण तो विज्ञानातून आलेला नाही. तो भाषेतून आणि स्थानिक स्मृतीतून आलेला आहे.

लातूरच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या झोपेत, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. आदल्याच वर्षी या परिसराला धक्के बसले होते. तरीही तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशानुसार हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; २००२ च्या सुधारित नकाशात तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. इशारा आला होता, परंतु तो वाचण्याची चौकट हाती नव्हती. या भूमीत वाढलेल्या वाचकाला जमिनीखाली गाडलेल्या ठेव्याची आणि उशिरा वाचलेल्या इशाऱ्याची कथा केवळ कल्पनारंजन वाटेल, असे समजणे म्हणजे वाचकाच्या अनुभवविश्वाचे अस्तित्वच नाकारणे होय. कादंबरी भूकंपाच्या सात वर्षे आधीची आहे, हे खरे. पण वाचनाचा काळ लेखनाच्या काळाशी बांधलेला नसतो, आणि ठसा उमटतो तो वाचनाच्या काळात.

त्याच लातूरला १९९० च्या दशकात गुणवत्ता याद्यांमुळे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने दुसरी ख्याती मिळाली. आज नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी ओळखली जातात. येथील विद्यार्थी विज्ञानाशी सर्वाधिक तास घालवतो, पण ज्याचे उत्तर चार पर्यायांत मावते तेवढेच विज्ञान त्याच्या वाट्याला येते. अशा वाचकाला विज्ञानकादंबरी पुन्हा ‘यातून कोणते वैज्ञानिक तत्त्व स्पष्ट होते?’ असेच विचारून वाचायला लावणे हा समीक्षेचा करंटेपणा आहे. ज्या एका ठिकाणी विज्ञान त्याच्यासमोर प्रश्न म्हणून उभे राहते, तेही उत्तरसूचीत बसवले जाते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकाच्या मनावरील परिणाम हा समीक्षेचा आधार मानला तर वस्तुनिष्ठता संपते. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये परिणामलक्ष्यी तर्कदोषाचा जो इशारा दिला तो येथे आठवेल. परंतु वाचकाला काय वाटले याची जंत्री करणे हे येथे अभिप्रेतच नाही. क्रमाची उलटापालट, नावाची निवड, शीर्षकातील नकार हे सर्व संहितेत आहे. ठसा हा पुरावा नव्हे. पुरावा कोठे शोधावा हे दाखवणारी ती खूण आहे. वर्षांनंतर वाचक कथानकाचे तपशील विसरतो, पात्रांच्या नावांची गल्लत करतो, पण एखादी भीती त्याला अचूक आठवते. या विस्मरणातही संहितेची रचनाच बोलत असते.

दुसरा आक्षेप रससिद्धान्ताच्या बाजूने येईल: भयानक रसाची व्यवस्था परंपरेत आहेच, मग नव्या परिभाषेचा खटाटोप कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. पण रसप्रक्रियेत भयाचे साधारणीकरण होऊन त्याची परिणती आस्वादात, विश्रांतीत होते. येथे विश्रांती मिळत नाही. रसप्रतीतीसाठी सहृदयाच्या ठायी वासनारूप संस्कार आधीच असावे लागतात, असे अभिनवगुप्त मानतो; ही कादंबरी किशोर वाचकात जो संस्कार आधी नव्हता तो निर्माण करते. डार्को सुविन याने १९७९ च्या ग्रंथात विज्ञानकथेची व्याख्या बोधात्म अपरिचितीकरण अशी केली. तीही अपुरी पडते, कारण तीत बोधावर भर आहे, बोधानंतर उरणाऱ्या भयावर नाही. दोन्ही परंपरांना येथे भर घालण्यास वाव आहे, आणि हे काम मराठी समीक्षेने करावयाचे आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीची चिकित्सा केली, तेव्हा ही कादंबरी अस्तित्वात नव्हती. नांदेडच्या महाविद्यालयात बसूनही प्रस्थापित निकषांना जाब विचारता येतो, हे मात्र त्यांनी दाखवून दिले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये, भूकंपाच्या पुढच्याच वर्षी, स्थापन झाले. या परिसरातील विद्यार्थ्याने विज्ञानकादंबरीवर प्रबंध लिहावयास घेतला, तर ‘स्वरूप आणि प्रेरणा’ हे पहिले प्रकरण बाजूला ठेवून त्याने आरंभी एकच प्रश्न लिहून काढावा: शाळेत असताना वाचलेल्या त्या पुस्तकातले अजूनही काय भिववते, आणि ते पुस्तकात नेमके कोठे आहे? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधताना त्याला संहिता पुन्हा वाचावी लागेल. प्रचलित साच्यात ती न वाचताही प्रबंध पूर्ण होतो, हीच खरी तक्रार आहे.