फिर्याद आणि निवाडा

गेल्या श्रावणात लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे एका परिचितांच्या घरी जात असता आमच्या मोटारीतील इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागला. ‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण असे की, अवघ्या चार महिन्यांपूर्वी याच दिव्यापायी एका शहरातील कार्यशाळेत स्कॅनर लावून, ‘पी ०४२०’ हा क्रमांक वाचून, ‘कॅट गेला’ असे दोन शब्दांत सांगून आमच्याकडून नव्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची भलीमोठी किंमत वसूल करण्यात आली होती, आणि जुना कन्व्हर्टर भंगारात गेला होता. सास्तूरला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडात काम करणाऱ्या मिस्त्रींनीही स्कॅनर लावला, तोच क्रमांक वाचला आणि यंत्र बाजूला ठेवून दिले. गाडी निवू दिल्यावर त्यांनी इंजिन सुरू केले, मदतनिसाला सायलेन्सरच्या तोंडाशी ओला बोळा धरावयास सांगितले, आणि स्वतः खाली सरकून सांध्यासांध्यावर साबणाचे पाणी सोडले. कन्व्हर्टर आणि त्यामागचा ऑक्सिजन सेन्सर यांच्या दरम्यान असलेल्या फ्लँजपाशी फेस उसळला. “साहेब, कॅटला काई झालं नाही,” ते म्हणाले, “हितून हवा आत शिरायलीय.” एक गॅसकेट आणि दोन बोल्ट एवढ्यावर काम भागले, दिवा त्यानंतर लागलेला नाही.

दाबाने बाहेर पडणारा धूर छिद्रातून बाहेरच जाईल, हवा आत कशी येईल, अशी शंका नवख्या कारागिराला येते. परंतु धूर एकसंध प्रवाहाने वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीत जी किंचित पोकळी निर्माण होते ती बाहेरची हवा ओढून घेते. निरोगी कन्व्हर्टर प्राणवायू साठवितो व लागेल तसा सोडतो. म्हणून पुढच्या सेन्सरचा विद्युतदाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत हेलकावे खात असता मागच्या सेन्सरचा ०.६ ते ०.७ च्या आसपास बहुधा स्थिर राहतो. बाहेरची हवा मागच्या सेन्सरापर्यंत पोहोचली की तोही डोलू लागतो आणि संगणक सरळ कन्व्हर्टरवर ठपका ठेवतो. स्कॅनरवरचा क्रमांक ही केवळ फिर्याद होय. तिला निवाडा मानून कारवाई करणारा कारागीर तपास न करताच दंड वसूल करतो.

आणि समजा, कन्व्हर्टर खरोखरच निकामी झाला असेल, तरीही तपास तेथे संपत नाही, कारण हा भाग सहसा आपल्या मरणाने मरत नाही. इंजिनात मिसिंग असेल, एखादी कॉइल अथवा प्लग काम देत नसेल, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळते, आणि एरवी ४०० ते ८०० अंश सेल्सियसच्या दरम्यान काम करणारी ती सिरॅमिकची जाळी वितळून गोळा होते. दिवा नुसता लागलेला असणे निराळे आणि लुकलुकत असणे निराळे: लुकलुकता दिवा म्हणजे हा दाह चालू असल्याची सूचना, आणि अशी गाडी लातूरपर्यंत रेटीत नेणाऱ्या मालकाला आपण वेळीच थांबविले पाहिजे. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळू लागले तर त्यातील फॉस्फरस व जस्त जाळीवर लेप चढवितात. हेड गॅसकेटमधून कूलंट झिरपले तरी तीच गत. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की जाळी तडकते. मग बाहेरून रबरी हातोडीने टिचकी मारली असता आत खडखडाट ऐकू येतो. पिकअप गेला असेल तर पुढचा सेन्सर काढून तेथे प्रेशर गेज लावावा. २५०० फेऱ्यांना दर चौरस इंचास ३ पौंडांहून अधिक दाब दाखविल्यास मार्ग तुंबला आहे असे समजावे. मूळ व्याधी तशीच ठेवून बसविलेला नवा कन्व्हर्टर जुन्याच्याच वाटेने जाणार.

सास्तूरच्या मातीवर हे लिहिताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. त्या भूकंपात गावोगावच्या जाड दगडी भिंती कोसळल्या, आणि दगडाच्या घरांची दहशत लोकांच्या मनात कायमची बसली; परंतु अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा दोष दगडात आढळला नाही. तो मातीच्या गाऱ्यात होता, आणि भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते त्यात होता. जे पडले तेच कसूरदार, ही समजूत या परिसराने फार महागात तपासून पाहिली आहे.

आता एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. कन्व्हर्टरची जाळी फोडून काढावयाची, रिकामे कवच जागच्या जागी वेल्ड करावयाचे आणि ‘गाडी मोकळी झाली’ असे मालकाला सांगावयाचे, हा प्रकार आपल्या व्यवसायात सर्रास चालतो, आणि काढलेल्या जाळीतील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांपायी भंगारवाल्याकडून वर पैसेही मिळतात. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला; शिसे त्याला विषासमान असल्यामुळे १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल देशभर देण्यात आले. एवढ्या तजविजीने जे साधले ते पहारीच्या एका घावाने नाहीसे होते, आणि कार्बन मोनॉक्साइड प्रथम श्वासात घेतो तो गाडीखाली निजलेला आपलाच पोरगा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ आहेच; परंतु त्या पोराच्या छातीचा हिशेब कोणत्याही पीयूसी दाखल्यावर उमटत नाही.

या अंकापासून सायलेन्सर व कन्व्हर्टरच्या कामांची टिपणे आम्ही वाचक-कारागिरांकडून मागवीत आहोत. टिपणात स्कॅनरचा क्रमांक, दोन्ही सेन्सरांचे व्होल्ट, गेजवरील दाब आणि शेवटी हाती लागलेले मूळ कारण एवढे असावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. पहिले टिपण सास्तूरच्या मिस्त्रींनी सांगितले व आम्ही उतरवून घेतले. ते पुढील पानावर छापले आहे.