नाव एक, नोंद निराळी

मलकापूरला माल पाठवावयाचा तर बिल्टीवर जिल्हा लिहिल्यावाचून गत्यंतर नसते. एक मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई–नागपूर लोहमार्गावर. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात. तिसरे सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडला अगदी लागून. नाव तेच असले तरी गाव निराळे, हे वाहतूकदाराला ठाऊक असते आणि व्यापाऱ्यालाही.

माणसांच्या नावांबाबतही व्यापारी असाच सावध असतो. शांतिलाल, कांतिलाल, सुवालाल ही नावे आपल्या समाजात इतकी रुळलेली आहेत की एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन गृहस्थ एकाच पेठेत आढळणे नवलाचे नाही. खतावणीत अशा दोघांच्या नावांपुढे पित्याचे नाव, पेढीचे नाव, गाव अशी ओळख लिहिली जाते. बँकेत सहीचा नमुना आणि पॅन क्रमांक पाहिला जातो. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी येऊ नये, एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात पडू नये, यासाठी हा सारा खटाटोप. ही दक्षता एका जागी मात्र हमखास गळून पडते. ती जागा म्हणजे घरच्या डॉक्टरांचा दवाखाना.

घरच्या डॉक्टरांना त्यांचे प्रमाणपत्र कोणी विचारीत नाही. ज्यांनी आजोबांचा दमा सांभाळला, वडिलांचे रक्तदाब पाहिले, नातवाचा ताप उतरवला, त्यांच्याकडे कागद मागणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते. ही भावना समजण्याजोगी आहे. पण तिच्या पोटात व्यापारी घराण्यांचा एक जुना समज दडलेला असतो. पेढीचे नाव वारशाने चालते. आजोबांच्या नावाची पेढी नातू चालवतो, आणि त्या नावाची पत, ग्राहक व येणे-देणे सारे त्याच्याकडे येते. हाच न्याय नकळत दवाखान्यालाही लावला जातो. पाटी जुनी, आडनाव तेच, नावाचे आद्याक्षरही तेच. मग आत बसलेले गृहस्थ तेच किंवा तसेच असणार, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः दवाखान्याची जागा, खुर्ची, पाटी, फार काय रुग्णही वारशाने मिळू शकतात. पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंद मात्र मिळत नाही. ती ज्याची त्यानेच मिळवावी लागते आणि ज्याच्या त्याच्याबरोबरच संपते.

नावाच्या सारखेपणामुळे कर्तृत्वाचीच अदलाबदल कशी होते, याचा उत्तम दाखला कापसाच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला तिकडे भाव आला. त्याच लँकेशायरमध्ये त्यापूर्वी शंभरहून अधिक वर्षे जॉन के नावाच्या माणसाने धावता धोटा तयार केला होता. 1704 मध्ये बरी गावाजवळ जन्मलेल्या या कारागिराने 1733 मध्ये त्याचे पेटंट घेतले. तोवर विणकर धोटा एका हाताने फेकी व दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा विणकराच्या हाताच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नसे. रुंद कापड विणावयाचे तर मागावर दोन माणसे लागत. के याने धोट्याला लहान चाके बसवली, त्याला धावण्यासाठी पट्टी दिली, दोन्ही टोकांना पेट्या ठेवल्या आणि एका दोरीच्या झटक्याने धोटा या टोकाहून त्या टोकाला जाईल अशी योजना केली. एका माणसाच्या हातून रुंद कापड निघू लागले. विणकरांना पोटाची भीती वाटली. कारखानदारांनी धोटा वापरला, पण त्याचे पैसे देण्याचे टाळले. इतकेच नव्हे, तर कोर्टाचा खर्च वाटून घेण्यासाठी त्यांनी आपला एक संघही काढला. अखेर के फ्रान्सला गेला आणि त्याचा अंत तिकडेच झाला.

याच लँकेशायरमध्ये त्या शतकात दुसराही एक जॉन के होता. तो वॉरिंग्टनचा घड्याळजी. सूत कातण्याच्या ज्या यंत्राचे पेटंट रिचर्ड आर्कराइटने 1769 मध्ये घेतले, त्याच्या घडणीत या घड्याळजीचा हात होता. पुढे 1785 च्या खटल्यात त्याने आर्कराइटच्या विरुद्ध साक्ष दिली आणि आर्कराइटचे 1775 चे पेटंट रद्द झाले. एक विणण्याच्या मागाचा, दुसरा कातण्याच्या यंत्राचा. दोघांचे काम वेगळे, गाव वेगळे. तरी एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा केलेले अनेकदा वाचावयास मिळते.

या गोंधळात एक डॉक्टरही सापडतात. जेम्स के नावाच्या यंत्रज्ञाने लिननचे सूत ओले करून कातण्याच्या पद्धतीचे पेटंट 1825 मध्ये घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1827 मध्ये, जेम्स फिलिप्स के या तरुणाने एडिंबरो विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळवली. हे डॉक्टर के मँचेस्टरच्या गिरणी वस्तीतील दवाखान्यात काम करीत. 1832 च्या पटकीच्या साथीत त्यांनी कामगारांची घरे, गटारे व आहार यांची पाहणी केली आणि त्यावर त्याच वर्षी एक प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. 1842 मध्ये विवाहानंतर त्यांनी पत्नीकडील आडनाव जोडून घेतले. ते आडनाव होते शटलवर्थ, आणि शटल म्हणजे धोटा! आडनाव धोटेवाल्याचे, जोडनावातही धोटा; मग या डॉक्टरांचा मागाशी संबंध असणारच, असे कोणाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? पण डॉक्टरांनी धोटा केला नाही, आणि धोटेवाल्याने कोणाची नाडी पाहिली नाही.

डॉ. के यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये साऱ्या डॉक्टरांची एकत्र नोंदवही नव्हती. ती 1858 च्या कायद्याने आली. रुग्णाला शिकलेला वैद्य कोणता आणि न शिकलेला कोणता हे ओळखता यावे, हा हेतू त्या कायद्याच्या आरंभीच सांगितलेला आहे. म्हणजे ही नोंदवही डॉक्टरांच्या मानासाठी नव्हे, रुग्णाच्या सोयीसाठी जन्माला आली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1912 मध्ये असा कायदा झाला. आजची महाराष्ट्र वैद्यकीय परिषद 1965 च्या कायद्याखाली चालते. तेथील नोंदीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा स्वतंत्र आहेत.

या वेगळेपणाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या एका निकालाने स्पष्ट केले. मुंबईतील एका होमिओपॅथी पदविकाधारक डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण, ऐन पस्तिशीतला नोकरदार, दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले आणि पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देवविली. पुढे 2014 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा दिली. त्यावर बराच वाद झाला. येथे मुद्दा कोणती पॅथी श्रेष्ठ हा नाहीच. वैद्यांच्या हातगुणाबद्दलही शंका नाही. प्रश्न एवढाच की औषध लिहिणाऱ्याने नेमके काय शिकले आहे.

जैन वाचकाला हा भेद नवा वाटू नये. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. मुलाचे नाव इंद्र ठेवले म्हणून तो स्वर्गाचा राजा होत नाही. तो केवळ नामाने इंद्र. दवाखान्याच्या पाटीवरील अक्षरे हा नामनिक्षेप. भिंतीवर हार घातलेली थोरल्या डॉक्टरांची तसबीर ही स्थापना. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असलेला मुलगा, किंवा नोंद सोडून निवृत्त झालेले डॉक्टर, हे द्रव्यनिक्षेपाने डॉक्टर. आज ज्याची नोंद चालू आहे आणि जो समोर बसून तपासतो आहे, तो भावाने डॉक्टर. औषध घ्यावयाचे ते या चौथ्याकडून.

हे पाहण्यास फार कष्ट पडत नाहीत. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावयाचा असतो, औषधाच्या चिठ्ठीवर व पैशाच्या पावतीवरही द्यावयाचा असतो. हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर घातला की नाव, पदवी आणि नोंद दिसते. शोध मात्र क्रमांकाने घ्यावा, नावाने नव्हे. नावाने घेतला तर त्याच नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांची पदवी पाहून समाधान मानण्याचा धोका उरतोच. वयस्क डॉक्टरांच्या पाटीवर एल.सी.पी.एस. अशी जुनी अक्षरे दिसली तर बिचकू नये. 1912 साली मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती परवाना-पदविका होती, आणि गावोगावच्या कित्येक नामांकित डॉक्टरांनी तिच्या बळावर आयुष्यभर सेवा केली. चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद घरच्या फायलीत लावताना प्रत्येकाच्या नावापुढे पित्याचे नाव व जन्मसाल लिहावे. काका आणि पुतण्या एकाच नावाचे असतील तर एकाच्या साखरेचा अहवाल पाहून दुसऱ्याची गोळी बदलली जाते. शहरातील मोठ्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर जुनी कागदपत्रे लेखी अर्ज देऊन मागावीत. त्याच आचारसंहितेप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागतात, आणि मागणाऱ्याचे नाव, वय व पत्ता अर्जावर पूर्ण असावा. मलकापूर लिहिले असेल तर जिल्ह्यासह.