शर्यतीच्या वाटेने चंद्रावर

अंतराळयुग विज्ञानाच्या जिज्ञासेतून अवतरले, ही समजूत गोड असली तरी अपुरी आहे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' सोडला, तो आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने. राष्ट्राराष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करावा, हा त्या वर्षाचा संकल्प होता. परंतु ज्या आर-7 अग्निबाणाने तो 83.6 किलोचा गोळा कक्षेत नेला, तो बांधला होता अमेरिकेवर अण्वस्त्र टाकण्यासाठी. वॉशिंग्टनचा थरकाप उडाला तो गोळ्यामुळे नव्हे, या वाहनामुळे.

मग घाई सुरू झाली. ऑक्टोबर क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन साजरा करावयाचा, म्हणून महिनाभरात दुसरा उपग्रह उभा केला गेला आणि 3 नोव्हेंबरला लायका ही कुत्री त्यातून वर गेली. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही दिवस जगली असे जगाला सांगण्यात आले. काही तासांतच ती उष्म्याने मेली, हे 2002 साली उघड झाले. या कार्यक्रमाचे सूत्रधार सेर्गेई कोरोल्योव्ह यांना स्टालिनच्या राजवटीने 1938 साली अटक करून पुढे कोलिमाच्या श्रमछावणीत धाडले होते. जानेवारी 1966 मध्ये ते वारले, तोवर त्यांचे नाव त्यांच्याच देशातील जनतेपासून लपवलेले होते. श्रमिकांच्या नावे चालणाऱ्या राज्यात कर्त्या माणसाचे नाव हेच सरकारी गुपित!

दुसरा पक्षही सोवळा नव्हता. वेर्नर फॉन ब्राउन यांचे व्ही-2 अग्निबाण मिटेलबाउ-डोरा छावणीतील कैद्यांकडून वेठीने घडवून घेतले गेले. त्या छावणीत सुमारे 20,000 कैदी प्राणास मुकले. महायुद्ध संपताच अमेरिकेने हे तंत्रज्ञ उचलून नेले आणि त्यांच्या भूतकाळावर पडदा टाकला. रशियानेही आपला वाटा घेतलाच.

12 एप्रिल 1961 रोजी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाचच दिवसांनी अमेरिकापुरस्कृत स्वारी क्यूबाच्या पिग्ज उपसागरात उतरली आणि धुळीस मिळाली. गेलेली अब्रू सावरण्यासाठी केनेडींना चंद्र हवा होता. 25 मे रोजी त्यांनी तो मागितला. नोव्हेंबर 1962 मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना त्यांनी खासगीत स्पष्टच सांगितले, की आपल्याला अंतराळात तेवढा रस नाही, रशियाला मागे टाकण्यात आहे. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढे सप्टेंबर 1963 मध्ये त्यांनीच राष्ट्रसंघात संयुक्त चांद्रमोहिमेची सूचना मांडली. दोन महिन्यांत त्यांची हत्या झाली आणि सूचनाही विरली.

शर्यत मात्र थांबली नाही. 1967 साली जानेवारीत अपोलोच्या चाचणीत तीन अमेरिकी अंतराळवीर जळून गेले, एप्रिलमध्ये सोयूझ-1 मधून परतताना कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. जुलै 1969 मध्ये अपोलो-11 च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीवर गेले. अपोलोचा एकूण खर्च सुमारे 2500 कोटी डॉलर.

चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत पेशाने भूशास्त्रज्ञ एकच होता, हॅरिसन श्मिट. डिसेंबर 1972 मध्ये त्याची पाळी आली ती अपोलोच्या अखेरच्या मोहिमेत. आखलेल्या आणखी तीन मोहिमा 1970 सालीच कापल्या गेल्या होत्या. शर्यत तोवर जिंकून झाली होती.